दिलोफो: सतरा किल्ल्या आणि एक शिडी

ग्रीसची बेटं दोनदा पाहून झाली होती. या खेपेस समुद्र नको, डोंगर हवा, असं ठरवून आम्ही दोघं ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात झागोरीला जाऊन आलो. वायव्य ग्रीसमध्ये, एपिरस प्रांतात, पिंडस पर्वताच्या अंगाखांद्यावर वसलेली ही ४६ दगडी गावं. २०२३ मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. त्यातलं दिलोफो हे छोटं गाव मुक्कामाला निवडलं, कारण तिथे गावात गाडी जात नाही असं वाचलं होतं. बाकी काही माहीत नव्हतं. झागोरीतल्या दऱ्याखोऱ्यांबद्दल आणि पुलांबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. मला लिहायचंय तिथे उरलेल्या माणसांबद्दल.

पहिला दिवस: धूर मोजला

स्टुटगार्टहून विमानाने थेस्सालोनिकी, पुढे भाड्याची गाडी. एग्नातिया महामार्ग उत्तम आहे. एकामागून एक बोगदे पार करत तीन तासांत योआनिनाला पोचलो. तिथले लोक त्याला 'यानेना' म्हणतात. आपणही तसंच म्हणावं, त्यांना बरं वाटतं. तळ्याकाठी जेवलो. समोरच्या बेटावर १८२२ साली अली पाशाचा, म्हणजे तुर्की अमलातल्या इथल्या बलाढ्य सत्ताधीशाचा, शेवट झाला, एवढं एकमेकांना सांगून उठलो, कारण उजेड आहे तोवर डोंगर चढायचा होता.

गावाच्या तोंडाशी गाडी लावली आणि बॅगा उचलून दगडी पायवाटेने निघालो. या वाटेला तिथे 'काल्देरिमी' म्हणतात. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीच्या भिंती, त्यांत जड लाकडी दारं, वर करड्या दगडी फरशांची छपरं. एकही घर पडकं वाटलं नाही. कड्या घासलेल्या, अंगणं झाडलेली. पण कुठे भांड्याचा आवाज नाही, रेडिओ नाही. आमच्याच बॅगेची चाकं खडखडत होती, ती मग आम्ही उचलूनच धरली.

चौकात पोचलो. मधोमध चिनाराचा प्रचंड वृक्ष, त्याखाली टेबलं. वर पाहिलं तर संध्याकाळच्या थंडीत काही घरांतून धूर निघत होता. मी मोजला. नऊ धुराडी. घरं त्याच्या कितीतरी पट.

खोलीची किल्ली चौकातल्या खानावळीत मिळेल असं मालकीणबाईंनी कळवलं होतं. त्या स्वतः यानेनाला राहतात. किल्ली घेऊन बसले होते पंचाहत्तरीचे एक गृहस्थ. कुठून आलात, म्हणाले. स्टुटगार्ट म्हटल्यावर ते उठून उभेच राहिले आणि अस्सल श्वाबियन हेलात म्हणाले, "ग्र्यूस गॉट!" १९६९ साली, एकोणिसाव्या वर्षी, हे याच चौकातून निघून स्टुटगार्टला मोटारीच्या कारखान्यात लागले होते. निवृत्त होऊन परत आले. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगी अजून तिकडेच, फॉयरबाखला. म्हणजे आमच्यापासून ट्रामने वीस मिनिटं! ग्रीकमध्ये वयस्क माणसाला प्रेमाने 'बार्बा' म्हणतात, आपल्या 'काका'सारखं. मीही त्यांना बार्बाच म्हणू लागले.

त्या रात्री त्राहानासचं गरम सूप जेवलो. आंबवलेल्या दुधात गहू शिजवून, वाळवून ठेवतात आणि थंडीत त्याचं सूप करतात. पहिल्याच घोटाला मला आंबिलीची आठवण झाली.

शाकाहारी मंडळींसाठी एक सांगते. 'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर डोंगरातल्या खानावळीत गोंधळ होऊ शकतो. 'निस्तीसिमो' विचारा, म्हणजे उपासाचं. ऑर्थोडॉक्स उपासाला मांस, अंडी, दूध चालत नाही, त्यामुळे वालासारख्या मोठ्या बियांची भाजी, उकडलेला पाला, मसूर असं पुष्कळ काही पुढे येतं.

दुसरा दिवस: बार्बांची फेरी

सकाळी बार्बा म्हणाले, "चला, मला कामं आहेत." त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी एक फळी ठोकलेली, तिच्यावर खिळे आणि खिळ्यांना किल्ल्या. सतरा. प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा. लाल दोरा अथेन्सचा, निळा जर्मनीचा, हिरवा मेलबर्नचा. काही किल्ल्या वीतभर लांबीच्या, जुन्या लोखंडी.

आठवड्यातून दोनदा ते ही घरं उघडतात. खिडक्या उघडायच्या, माळ्यावर चढून छपराखालच्या तुळया हाताने चाचपायच्या, आणि थंडी सुरू झाली की चुलाण्यात तासभर लाकडं जाळायची. घराला धूर लागतो, म्हणाले. धूर नसला की लाकडाला ओल धरते, किडा लागतो. आमच्या राजापूरकडच्या घराबद्दल माझी आजी हेच म्हणायची, अगदी याच शब्दांत.

छपराचं गणित त्यांनी मला जमिनीवर फरशा मांडून दाखवलं. डोंगरातल्या पाटीसारख्या दगडाच्या या फरशा खालून वर अशा एकमेकींवर चढवत जायच्या. त्या आपल्या वजनानेच जागेवर बसतात. बर्फाचा भार त्या सहज घेतात. पण एक फरशी घसरली आणि कुणी पाहिली नाही, तर पाणी तुळईवर येतं. एक हिवाळा निघतो, दुसरा निघतो. मग तुळई मोडते आणि वरचा सगळा दगड घरात येतो. "घर माणसं गेली म्हणून पडत नाही," बार्बा म्हणाले, "ती पहिली फरशी कुणी बघितली नाही म्हणून पडतं."

मग दुरुस्त का करत नाहीत सगळे? एक कारण खर्च. गाव संरक्षित आहे, त्यामुळे दगडाला दगडच लागतो, पत्रा चालत नाही. दुसरं कारण ऐकून मला गावाकडचा सातबारा डोळ्यांपुढे आला. समोरच्या एका घराचे चौदा वारस आहेत. पाच अथेन्सला, दोन मेलबर्नला, एक कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. चौदा सह्या झाल्याशिवाय ते घर विकता येत नाही आणि एकट्याने पैसे घालायला कुणी धजत नाही.

गावातलं सगळ्यात उंच घरही दाखवलं. त्याची गोष्ट अशी सांगतात की नवरी दरीपलीकडच्या कुकुली गावची. माहेर दिसावं असा तिचा हट्ट, म्हणून नवऱ्याने मजले चढवले.

असं घर बांधायला पैसा कुठून आला, हा प्रश्न मला पडला आणि तिथेच या गावांची सगळी कहाणी आहे. झागोरीत शेती थोडी. तुर्की अमलात या गावांनी कर भरून स्वतःचा कारभार स्वतःकडे ठेवला होता, आणि पुरुष व्यापाराला बाहेर पडत: बुखारेस्ट, ओडेसा, कॉन्स्टँटिनोपल, अलेक्झांड्रिया. बायकामुलं गावात. पैसे गावाकडे येत. त्यातून घरं, शाळा, पाणवठे, पूल झाले. दूरदेशी राहण्याला ग्रीकमध्ये 'क्सेनितिया' म्हणतात. नुसता परदेश नव्हे. त्यात ताटातूट आली, वाट पाहणं आलं. एपिरसच्या लोकगीतांत हा शब्द पुन्हापुन्हा येतो. मुंबईच्या मनीऑर्डरवर उभं राहिलेलं कोकण ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही.

म्हणजे ही गावं स्थलांतराने रिकामी झाली असं नुसतं म्हणणं बरोबर नाही. स्थलांतरानेच ती उभी राहिली होती. बिघडलं ते नंतर. १९४० चं युद्ध, १९४३ मध्ये जर्मन सैन्याने झागोरीतली जाळलेली गावं, मग १९४९ पर्यंत चाललेलं यादवी युद्ध. १९६० मध्ये पश्चिम जर्मनीने ग्रीसशी कामगारांचा करार केला आणि तरणी माणसं आगगाड्या भरभरून गेली. या वेळी बायकाही गेल्या, मुलं तिकडेच जन्मली. ज्यांना पैसे पाठवायचे तेच माणूस गावात राहिलं नाही. बार्बांनी हे सांगताना आवाज चढवला नाही. "मीही त्यातलाच," एवढंच म्हणाले.

तिसरा दिवस: वित्सा, मिसिओसचा पूल, कुकुली

लख्ख ऊन. दिलोफोहून जुन्या पायवाटेने वित्साला गेलो, तिथून दगडी पायऱ्यांनी व्हिकोसच्या दरीत उतरलो. या पायऱ्या वळणावळणाने अशा खाली जातात की उतरताना गुडघ्यांना त्रास होत नाही. ओझ्याची जनावरं चालावीत म्हणून बांधलेल्या. खाली १७४८ चा मिसिओसचा पूल. इथले बहुतेक पूल ज्याने पैसे दिले त्याच्या नावाने ओळखले जातात. पात्र कोरडं होतं. उन्हाळ्याअखेर दरीच्या या भागात पाणी नसतं. पुलाखाली बसून घडीच्या पोळ्या आणि तिथलंच फेटा चीज खाल्लं. मेपल आणि चिनार पिवळे-तांबडे झालेले, आणि वाटेच्या कडेने खडकातून वर आलेली जांभळी केशरफुलं. फुलं इतकी जमिनीलगत की मी पाय बघूनबघून टाकत होते.

पलीकडे चढून कुकुलीला गेलो. व्हिकोसच्या दरीत औषधी वनस्पती फार. त्यावर इथल्या वैदूंची परंपरा उभी राहिली. 'व्हिकोसचे वैद्य' म्हणून ते दूरदूर फिरत. कुकुलीतले शिक्षक कोस्तास लाझारिदिस यांनी या वनस्पती आयुष्यभर गोळा केल्या. त्यांचा संग्रह गावात जपलाय.

चालणाऱ्यांसाठी: काल्देरिमी कोरडी असेल तरच जा, ओल्या दगडावर बुटाची पकड राहत नाही. धनगरांची कुत्री मोठी आणि आक्रमक असतात. कळप दिसला तर लांबून वळसा घ्या, धावू नका. पेट्रोल यानेनालाच भरा. बस अगदी क्वचित, गाडीशिवाय अवघड. थोडी रोकड जवळ असू द्या.

चौथा दिवस: पाऊस

रात्री जो पाऊस लागला तो थांबेना. सकाळी चौकाच्या दिशेने भोंगा वाजला. पाववाल्याची गाडी गावाच्या तोंडाशी आली होती. गावात दुकान नाही. पाव, भाजी, मासे, सगळं असं गाडीतून येतं. तिथे शेजारच्या आजी भेटल्या, सत्त्याऐंशी वर्षांच्या. आजीला 'याया' म्हणतात. माझ्या ओल्या शालीकडे पाहून त्यांनी मला हाताला धरून घरीच नेलं.

बार्बाही आले आणि माझ्याशी जर्मनमध्ये बोलू लागले, तशी याया एकदम थांबल्या. हळू आवाजात काही म्हणाल्या. बार्बांचा चेहरा उतरला. मग त्यांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं: याया पूर्व झागोरीतून लग्न होऊन इथे आल्या. त्या पाच वर्षांच्या असताना त्यांचं माहेर जर्मनांनी जाळलं. त्या घरात ती भाषा कुणी बोलत नाही. मी उठून त्यांचे हात धरले. त्यांनी माझ्या गालावर थोपटलं, "पेदी मू" म्हणाल्या, म्हणजे माझ्या लेकरा, आणि कामाला लागल्या. पुढचे दोन तास आम्ही एकही समाईक शब्द नसताना स्वयंपाक केला.

केलं ते आलेव्ह्रोपिता, इथली खास गोष्ट. मैदा, अंडं, पाणी, मीठ, धिरड्याच्या पिठापेक्षा किंचित सैल. परात आधी भट्टीत तापवायची, इतकी की तेल टाकल्यावर धुरायला लागावं. त्यावर पीठ ओतायचं, जाडी बोटाच्या निम्मी. वर फेटा कुस्करून, लोण्याचे खडे. याया चमचा वापरत नव्हत्या, परात हातांनी कलती करून पीठ कडेपर्यंत नेत होत्या. कडा करकरीत, मधला भाग मऊ. परात मोठी होती, सहजच दहा-बारा जणांची. खायला आम्ही चौघं. उरलेली त्यांनी कापून कागदांत बांधली: एक पुडी गवंड्याच्या घरी, एक खानावळीत, एक कुणा आजारी माणसाकडे. कोणी न सांगता सगळ्या पुड्या आमच्या नवऱ्याच्या हातात आल्या आणि तो भर पावसात वाटून आला.

दुपारी बार्बा मला शोधत आले. हिरव्या दोऱ्याच्या घरात, म्हणजे मेलबर्नवाल्यांच्या, माळ्यावर ओल दिसत होती. गवंडी त्या दिवशी दुसऱ्या गावी कामावर. संध्याकाळी येईल, म्हटलं. तोवर तुळई भिजेल, म्हणाले, आणि शिडी लावली. नवऱ्याने शिडी धरली. मी चढू का, असं त्याने दोनदा विचारलं. "तुला फरशीचा आवाज कळणार नाही." पंचाहत्तर वर्षांचा माणूस रिमझिम पावसात छपराच्या कडेला पोटावर आडवा झाला, बोटांच्या गाठींनी एकेक फरशी ठोकत गेला. एकीचा आवाज पोकळ आला. तीच घसरली होती. ती वर सरकवून खाली दगडाची कपची ठोकली आणि ते उतरले. खाली आल्यावर मात्र त्यांचे पाय थरथरत होते, बराच वेळ पायरीवर बसून राहिले. मग म्हणाले, "हे माझ्या मुलीला सांगायचं नाही."

पाचवा दिवस: किपी आणि व्रादेतो

उघडलं. गाडीने किपीला जाऊन पूल पाहिले. तीन कमानींचा प्लाकिदास पूल (१८१४) अळीसारखा वरखाली होत जातो, तो बघाच. तिथून व्रादेतो, १३४० मीटरवर, झागोरीतलं सर्वांत उंच गाव. १९७० च्या दशकात रस्ता होईपर्यंत इथे यायला कड्यात खोदलेला दगडी जिना हीच वाट होती. तासाभराच्या चालीवर बेलोई म्हणून जागा आहे, तिथून व्हिकोसची अख्खी दरी दिसते. तिथे आम्ही दोघंच होतो. वारा आणि कावळे. मी फोटो काढले, पण त्यात ती खोली येत नाही.

परतताना एका गावाच्या वर घनदाट जुनं रान दिसलं, भोवतीचा डोंगर उघडा. बार्बांना विचारलं. देवाला वाहिलेली ही राखीव रानं. झाड तोडणाऱ्याला चर्चमधून बहिष्कृत करण्याची धमकी असे. गावावर दरड येऊ नये म्हणून शतकानुशतकं जपलेली. आपली देवराईच.

सहावा दिवस: २८ ऑक्टोबर

हा ग्रीसच्या दोन राष्ट्रीय दिवसांपैकी एक. १९४० मध्ये याच दिवशी मुसोलिनीचा निर्वाणीचा खलिता ग्रीसने नाकारला आणि इटलीचं सैन्य अल्बानियातून थेट या डोंगरांत शिरलं. पिंडसच्या बायकांनी बर्फातून पाठीवर दारूगोळा वाहिला. यायांच्या आई त्यांतल्या एक.

शहरांत शाळकरी मुलांची संचलनं निघतात. दिलोफोत शाळेची इमारत आहे, शाळा नाही. पाद्री तीन गावं करून आमच्याकडे पोचले. आदल्या रात्री यानेनाहून काही कुटुंबं आली होती, धुराडी तेरा झाली. स्मारकापुढे सगळे उभे राहिले आणि झेंडा धरला नऊ वर्षांच्या एका मुलाने. गावातलं हे एकुलतं एक मूल. गवंड्याचा मुलगा. गवंडी १९९० च्या दशकात, पोरवयात, अल्बानियातून डोंगर चालत आला आणि इथल्या म्हाताऱ्या कारागिरांकडून दगडकाम शिकला. या मुलाला रोज सरकारी खर्चाने टॅक्सी येऊन मोठ्या गावातल्या शाळेत नेते. अल्बानियन मुलाने ग्रीक झेंडा धरावा का, यावर २००० साली थेस्सालोनिकीजवळच्या एका शाळेत देशभर गाजलेला वाद झाला होता. इथे यायांनी पुढे होऊन त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

नंतर चौकात कॉफी. बोलणं जनगणनेवर आलं. पूर्वी मोजणीच्या दिवशी अथेन्सची मंडळी मुद्दाम बस करून गावी येत, गावाचा आकडा मोठा लागावा म्हणून. आता तसं होत नाही. २०११ ते २०२१ मध्ये देशाचीच लोकसंख्या सुमारे १ कोटी ८ लाखांवरून १ कोटी ५ लाखांवर आली. यानेनाहून आलेली एक तरुण बाई म्हणाली, मला इथे राहायला आवडेल, काम मी घरून करू शकते. पण मूल झालं तर रात्री डॉक्टर कुठे शोधू? त्यावर कुणी तिला गावाच्या प्रेमाचा उपदेश केला नाही, हे मला फार बरं वाटलं. तिचं म्हणणं खरं होतं आणि सगळ्यांना ते माहीत होतं. युनेस्कोमुळे पर्यटक वाढतील, खोल्या भरतील. पण माझ्यासारखी माणसं ऑक्टोबरात येऊन धूर मोजून जातात. जानेवारीत फरशी ठोकायला कोण आहे? बार्बा नि गवंडी.

जाणार असाल तर मधल्या वारी जा आणि एकाच गावात चार दिवस राहा. एका दिवसात पाच गावं करणाऱ्यांना दारंच दिसतात. निघण्याआधी फोन करून खानावळ चालू आहे का ते विचारा. आणि खोली गावातल्याच माणसाकडून घ्या.

परतल्यावर

निघताना बार्बांनी डोंगरी चहाची जुडी दिली, मुलीसाठी. वाळलेल्या काड्याफुलांची, दोऱ्याने बांधलेली. दोरा निळा होता.

रविवारी फॉयरबाखला गेलो. मुलगी पंचेचाळिशीची, डोळे हुबेहूब वडिलांचे. केक, कॉफी झाली. गावातल्या सगळ्यांची चौकशी झाली, यायांचा गुडघा, चिनाराची मोडलेली फांदी. मग तिने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे सरळ पाहून विचारलं, "बाबा शिडीवर चढले होते का?"

मला खोटं बोलवलं नाही. हो, म्हटलं. पावसात होते, तेही सांगितलं.

ती काही बोलली नाही. जुडी नाकाशी नेली, जरा वेळ तशीच धरली, आणि आतल्या खोलीतल्या मुलाला ग्रीकमध्ये हाक मारली.